एका वीजबिलाने सुरू झालेली गोष्ट: रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या खेड्यांत स्वस्त वीज कशी पोहोचवली?

विजेचं बिल हातात पडलं की आपण काय करतो? आकडा बघतो, मागच्या महिन्याशी ताडून बघतो, थोडी चिडचिड करतो आणि भरून टाकतो. बिलावरचा दर फारसा कुणी वाचत नाही.

साधारण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका माणसाने तो वाचला. एका युनिटला १८ सेंट. न्यूयॉर्क राज्यातल्या आपल्या घरी तो जे देत होता, त्याच्या जवळपास चौपट. हा माणूस गडगंज होता, त्याला ते बिल सहज परवडत होतं. पण आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं काय? त्यातल्या बहुतेकांच्या घरात वीजच नव्हती, आणि आली असती तरी या दराने ती घेणार कोण?

हा माणूस म्हणजे फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट. पुढे ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि सलग चार वेळा निवडून आले. महामंदी आणि दुसरं महायुद्ध यासाठी त्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण गरिबाच्या घरातला दिवा आणि चूल ही सरकारची जबाबदारी आहे का, या प्रश्नावर त्यांनी जे केलं ते तितकंच महत्त्वाचं आहे.

श्रीमंत घरातला एकुलता एक

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ चा. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी हाइड पार्क नावाचं गाव आहे, तिथे त्यांच्या घराण्याची मोठी जमीनजुमल्याची मालमत्ता होती. आईवडिलांना ते एकुलते एक. शिक्षण हार्वर्ड विद्यापीठात. १९०५ मध्ये एलेनॉर यांच्याशी लग्न झालं, १९१० मध्ये ते राज्याच्या सिनेटवर निवडून आले, आणि १९१३ पासून सात वर्षं नौदल खात्याचे सहायक सचिव होते. १९२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि हरले.

तोपर्यंत सगळं सरळ रेषेत चाललं होतं. ऑगस्ट १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाल्याचं निदान झालं. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुन्हा कधीच ते आधाराशिवाय चालू शकले नाहीत.

उपचार शोधता शोधता १९२४ मध्ये ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या खेड्यात पोहोचले. तिथे नैसर्गिक कोमट पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात पोहताना पायांना थोडं बळ आल्यासारखं वाटायचं. रूझवेल्ट तिथे वारंवार जायला लागले. १९२६ मध्ये तर त्यांनी ती जागाच विकत घेतली आणि पोलिओच्या रुग्णांसाठी उपचार केंद्र उभं केलं.

इथेच त्यांचा गरीब ग्रामीण अमेरिकेशी जवळून संबंध आला. स्वतः चालवता येईल अशी, हाताने चालणारी यंत्रणा बसवलेली गाडी घेऊन ते आसपासच्या रस्त्यांवर फिरायचे, शेतकऱ्यांशी गप्पा मारायचे. कापसाचे भाव पडलेले, घरात रॉकेलचे दिवे, पाणी विहिरीतून हाताने ओढायचं, चुलीवर इस्त्र्या तापवायच्या. आणि आपल्या छोट्या घराचं बिल आलं, त्यावर १८ सेंटचा दर.

खेड्यात वीज महाग का होती?

त्या काळात अमेरिकेत वीज बहुतांश खासगी कंपन्यांच्या हातात होती. शहरात एका गल्लीत पन्नास घरं असतात, त्यामुळे एका तारेवर भरपूर गिऱ्हाईक मिळतं. खेड्यात मैलभर तार ओढली तरी दोन-तीन घरं लागणार. एक मैल तार टाकायला दीड ते दोन हजार डॉलर लागतात, असा कंपन्यांचा हिशोब असायचा. शेतकरी विजेवर फार खर्च करणार नाही, मग तिथे जायचंच कशाला?

दुसरं कारण कंपन्यांच्या रचनेत होतं. गावाला वीज देणाऱ्या कंपनीच्या डोक्यावर दुसरी कंपनी, तिच्या डोक्यावर तिसरी. वरची प्रत्येक कंपनी खालच्या कंपनीकडून सेवेच्या नावाखाली पैसे काढायची आणि तो भार शेवटी ग्राहकाच्या बिलात उतरायचा. अशाच साखळीवर उभं राहिलेलं सॅम्युएल इन्सल यांचं वीजसाम्राज्य १९३२ मध्ये कोसळलं आणि हजारो छोट्या गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले.

मदत दोन प्रकारची असते

गरीब कुटुंबाला विजेचं किंवा इंधनाचं बिल परवडत नसेल, तर सरकार दोन गोष्टी करू शकतं. एक, त्या कुटुंबाच्या वतीने खर्च उचलायचा. दोन, मुळात दरच खाली आणायचा. रूझवेल्ट यांनी दोन्ही करून बघितलं.

१९२९ मध्ये ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले आणि त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. लाखो लोक बेकार झाले. तोवर गरिबांना मदत करणं हे गावाचं, चर्चचं, धर्मादाय संस्थांचं काम मानलं जायचं. रूझवेल्ट यांनी सप्टेंबर १९३१ मध्ये राज्याचा कायदा करून घेतला आणि मदतीसाठी २ कोटी डॉलरची तरतूद केली. बेकार कुटुंबाला घरपोच मदत म्हणजे नेमकं काय, हे त्या कायद्यात लिहून ठेवलं होतं. अन्न, कपडे, निवारा आणि औषधं यांच्याबरोबर त्यात इंधन आणि दिवाबत्ती हेही होतं. स्थानिक संस्थेने खर्च करायचा आणि त्यातले ४० टक्के राज्याने परत द्यायचे, अशी पद्धत होती.

घरात कोळसा नसेल आणि बाहेर बर्फ पडत असेल, तर फक्त शिधा देऊन भागत नाही, हे या कायद्याने मान्य केलं. न्यूयॉर्कच्या थंडीत हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा देशातला साधारण दर चौथा कामगार बेकार होता. न्यूयॉर्कमधल्या मदतीचा कारभार सांभाळणाऱ्या हॅरी हॉपकिन्स यांना त्यांनी वॉशिंग्टनला बोलावलं. मे १९३३ मध्ये केंद्राने ५० कोटी डॉलरची मदत योजना सुरू केली आणि तिच्या नियमांतही दिवा, गॅस, इंधन आणि पाणी यांचा समावेश झाला.

दर खाली आणण्याचा प्रयोग

त्याच महिन्यात, १८ मे १९३३ रोजी, त्यांनी टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या कायद्यावर सही केली. टेनेसी नदीचं खोरं सात राज्यांत पसरलेलं आहे आणि तेव्हा ते देशातल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक होतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे मसल शोल्स भागात सरकारने धरणाचं काम काढलं होतं. त्या धरणाची वीज लोकांना मिळावी म्हणून नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस वर्षानुवर्षं झगडत होते, पण कूलिज आणि हूव्हर या दोन राष्ट्राध्यक्षांनी त्यांची विधेयकं अडवली होती.

रूझवेल्ट यांची कल्पना सोपी होती. देशातल्या सगळ्या वीज कंपन्या सरकारने ताब्यात घ्यायच्या नाहीत. काही ठिकाणी सरकारने स्वतः वीज तयार करून विकायची, म्हणजे खरा खर्च किती येतो ते लोकांना कळेल. तो दर मग खासगी कंपन्यांना लावायचं माप होईल.

१९३४ च्या सुरुवातीला मिसिसिपी राज्यातलं टुपेलो हे या योजनेची वीज घेणारं पहिलं शहर ठरलं. घरगुती ग्राहकाला पहिल्या ५० युनिटसाठी युनिटमागे ३ सेंट, आणि वापर वाढेल तसा दर आणखी कमी. वॉर्म स्प्रिंग्जच्या १८ सेंटच्या दराने ५० युनिटचे ९ डॉलर झाले असते. इथे त्याच ५० युनिटचे दीड डॉलर. विजेवर चालणारी शेगडी, फ्रीज, पाणी तापवायचं यंत्र हप्त्याने घेता यावं म्हणून स्वस्त कर्जाची वेगळी सरकारी संस्थाही काढली गेली.

कंपन्या अर्थातच कोर्टात गेल्या. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या वीज विकण्याच्या हक्काला मान्यता दिली. विरोधकांचे सगळ्यात मोठे नेते होते वीज कंपनीचे प्रमुख वेंडेल विल्की. १९३९ मध्ये त्यांनी टेनेसीतला आपला धंदा सरकारी योजनेला आणि स्थानिक संस्थांना विकला आणि पुढच्याच वर्षी ते रूझवेल्ट यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. ते हरले.

पाच डॉलर भरा, सभासद व्हा

टेनेसीच्या बाहेरच्या खेड्यांचं काय? १९३५ मध्ये शहरांत बहुतेक घरांत वीज होती, पण देशातल्या दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात होती. ११ मे १९३५ रोजी रूझवेल्ट यांनी आदेश काढून ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन केलं आणि पुढच्या वर्षी त्याला कायद्याचं रूप मिळालं.

आधी वाटलं होतं की स्वस्त कर्ज दिलं की खासगी कंपन्या खेड्यात जातील. त्यांनी फारसा रस दाखवला नाही. पुढे आले ते शेतकरीच. त्यांनी सहकारी संस्था काढल्या. साधारण पाच डॉलर भरून सभासद व्हायचं, सरकारकडून लांब मुदतीचं कमी व्याजाचं कर्ज घ्यायचं, खांब आणि तारा स्वतःच्या संस्थेच्या. घरात वायरिंग करायलाही कर्ज मिळायचं. खांबांची आणि तारांची रचना साधी केल्यामुळे मैलाचा खर्च हजार डॉलरच्या खाली आला. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊ शेतघरांत वीज पोहोचली होती.

कोण मागे राहिलं?

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. टेनेसी योजनेच्या नॉरिस धरणासाठी सुमारे तीन हजार कुटुंबांना घरं सोडावी लागली. जमीनमालकांना मोबदला मिळाला, पण दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळांच्या हाती जवळपास काही आलं नाही. धरणाजवळ वसवलेल्या नॉरिस या नव्या आदर्श गावात कृष्णवर्णीय कुटुंबांना राहायला मनाई होती.

थेट मदतीचंही तसंच झालं. फुकट मदत फार काळ दिली तर माणूस मनाने खचतो, असं रूझवेल्ट यांचं मत होतं. त्यामुळे १९३५ च्या अखेरीस केंद्राची थेट मदत बंद करून त्यांनी रोजगाराच्या कामांवर भर दिला. काम करू शकणाऱ्यांना त्याचा फायदा झाला. वृद्ध, आजारी, लहान मुलं असलेल्या विधवा यांच्यातल्या काहींना नव्या सामाजिक सुरक्षा कायद्याने हात दिला. उरलेले पुन्हा आपापल्या राज्याच्या आणि गावाच्या दारात उभे राहिले.

दर कितीही कमी केला, तरी ज्याच्या घरात कमाईच नाही त्याला तोही परवडत नाही. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेला हे पुन्हा जाणवलं. शेवटी १९८१ मध्ये कायदा करून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घर उबदार किंवा थंड ठेवण्याच्या खर्चासाठी मदत सुरू झाली. केंद्र राज्यांना पैसे देतं आणि राज्यं ते गरजू घरांपर्यंत पोहोचवतात. ही योजना पुढे चालू राहिली. म्हणजे रूझवेल्ट यांनी थांबवलेला पहिला मार्ग वेगळ्या रूपात परत आला.

दामोदर ते मुळा-प्रवरा

या प्रयोगाचे पडसाद आपल्याकडेही उमटले. व्हाइसरॉयच्या मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना तेव्हाच टेनेसीच्या धर्तीवर आखली गेली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झालं. पुढे अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या मदतीने भारतातही काही वीज सहकारी संस्था निघाल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा ही त्यातलीच एक. थकबाकीच्या दीर्घ वादानंतर २०११ मध्ये तिचं काम महावितरणकडे गेलं. सहकारी मालकी असली तरी बिलाची वसुली आणि दराचा हिशोब सुटत नाही, हे त्यातून दिसलं.

पुन्हा वॉर्म स्प्रिंग्ज

११ ऑगस्ट १९३८ रोजी जॉर्जियातल्या बार्न्सव्हिल इथे एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेच्या उद्घाटनाला रूझवेल्ट आले होते. आपल्या बिलाची गोष्ट त्यांनी लोकांना तिथेच सांगितली. शेतघरांत वीज कशी न्यायची, हा विचार त्या बिलापासून आपल्या डोक्यात सुरू झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सभेत त्यांनी व्यासपीठावर बसलेले आपल्याच पक्षाचे सिनेटर वॉल्टर जॉर्ज यांना विरोध जाहीर केला. जॉर्जियाच्या मतदारांनी त्यांचं ऐकलं नाही, जॉर्ज पुन्हा निवडून आले. पण नव्या तारांमधून वीज सुरू झाली ती झालीच.

१२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्जमधल्याच आपल्या छोट्या घरात रूझवेल्ट यांचं निधन झालं. तेव्हा अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास शेतघरं अजून अंधारात होती. बाकीच्या घरांत दिवा लागला होता, आणि तिथेही आता महिन्याच्या महिन्याला बिल येत होतं. फरक एवढाच, की त्यावरचा दर ठरवणाऱ्या संस्थेचे सभासद अनेक ठिकाणी ते बिल भरणारेच होते.