बापाची काठी, मायेचे कान



सुवार्तेच्या दौऱ्यावर एखाद्या अपंग सेवकाबरोबर जाण्याचा योग आपणांपैकी काहींना आला असेल. आम्हांसही तो एकदा आला. हुबळीहून कलघटगीच्या बाजूच्या खेड्यांत एक अंध उपदेशक बंधू चालले होते व त्यांच्या सोबतीस मंडळीने आम्हांस दिले. आम्ही त्यांची पिशवी घेतली, हात धरला, बसमध्ये जागा मिळवून दिली, आणि आपण मोठी सेवा करीत आहोत असे मनातल्या मनात वाटू लागले. दुपारी एका घरी विसावलो. घरच्या बाईंनी बंधूंना न विचारता आम्हांसच विचारले की, हे चहा घेतील का? आम्ही लागलीच होकार देऊन टाकला. परतीच्या वाटेवर बंधूंनी शांतपणे सांगितले की, त्यांना चहा चालत नाही. आणि देवाने डोळे दिले नसले तरी जीभ दिली आहे. आम्ही खजील झालो. आम्ही त्यांचा हात धरला होता, पण त्यांचे बोलणे मात्र काढून घेतले होते.

त्या दिवसापासून पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही निराळ्या दृष्टीने वाचू लागलो. अपंगाची सोबत कशी करावी आणि अपंग असून सेवा कशी करावी, हे दोन्ही धडे त्या एकाच आयुष्यात आहेत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आमच्याच या कानडी मुलखात, पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकांना संस्कृत शिकवू नये, हे त्यांनी मानले नाही. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी लहानग्या रमेला. घर असे नव्हतेच. सारे कुटुंब क्षेत्रोक्षेत्री पायी फिरे, देवळात वा नदीच्या घाटावर पुराणे वाची आणि श्रोते जे देतील त्यावर गुजराण करी. लोकांसमोर बसून बोलण्याची सवय रमाबाईंना अशी बाळपणीच लागली.

पुढे दुष्काळ आला. जवळचे होते नव्हते ते संपले. अनंतशास्त्री म्हातारपणी दृष्टीस अंतरले होते. त्यांच्या आंधळेपणी मुलेच त्यांची काठी झाली. १८७४ साली उपासमारीने खंगलेल्या या बापाने मरणापूर्वी धाकट्या लेकीला उराशी घट्ट धरले आणि देवाची सेवा कर, सन्मार्ग सोडू नको, असे तिला बजावले. तिचे तोंड त्यांना दिसत नव्हते. थोड्याच काळात आईही गेली, मग बहीण गेली. रमाबाई व भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी चालले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांची विद्या पारखून पंडिता व सरस्वती या पदव्या त्यांस दिल्या. परंतु १८८० साली भाऊ वारला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती.

त्याच वर्षी पुण्यात शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे रमाबाईंनी साक्ष दिली. आमच्या स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर पाहिजेत, असे त्यांनी निक्षून सांगितले. आपणच वैद्यकी शिकावी या उमेदीने त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण वैद्यकीचे दार मात्र उघडले नाही. रमाबाईंना नीट ऐकू येत नव्हते, आणि त्या कारणाने तो विचार सोडून द्यावा लागला.

वाचकहो, येथे थोडे थांबू या. वय पंचवीस, परका मुलूख, पदरी लहान मूल, आणि जे करण्यासाठी समुद्र ओलांडला तेच कानांमुळे अशक्य झालेले. कोणीही म्हटले असते की, आता या बाईने गप्प बसावे. रमाबाई गप्प बसल्या नाहीत. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८८ पर्यंत तेथे गावोगाव व्याख्याने देत हिंदुस्थानातील विधवांची दशा सांगत फिरल्या. मनोरमेला त्यांनी इंग्लंडला परत पाठविले होते. म्हणजे त्या दौऱ्यात लेकीची सोबतही नव्हती. त्या व्याख्यानांतून जमलेल्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढे दुष्काळातील अनाथ स्त्रिया व मुली गोळा करून त्यांनी केडगाव येथे १८९८ साली मुक्ती सदन स्थापिले. १९०५ साली तेथे मोठी जागृती झाली आणि मुक्तीतील मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागल्या.

वयाबरोबर रमाबाईंचा बहिरेपणा वाढत गेला आणि मनोरमाबाई आईच्या उजवा हात झाल्या. परंतु त्या केवळ आईची सावली राहिल्या नाहीत. त्यांनी अमेरिकेत शिक्षण घेतले, मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली, शारदा सदन सांभाळले आणि मुक्तीच्या कामासाठी मिस अब्राम्स यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन भाषणे केली. मुक्तीतील अंध मुलींना त्यांनी ब्रेल लिपी शिकविली. ज्या घराण्यात आजोबा अंध होऊन वारले, त्याच घराण्यातील नातीने आंधळ्यांच्या बोटांना अक्षरे दिली! १९१२ साली गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे मुलींसाठी ख्रिस्ती शाळा निघाली, तिच्या मुख्याध्यापिकाही मनोरमाबाईच. आम्हां कर्नाटकातील मराठी मंडळींनी हे ऋण विसरू नये.

इकडे रमाबाई बायबलाच्या भाषांतरास बसल्या. त्यासाठी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. अडाणी बायांनाही समजेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. जे काम कानांवाचून अडत नाही, ते त्यांनी वर्षानुवर्षे नेटाने चालविले, आणि छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले.

आपल्यामागे मुक्तीचा भार मनोरमाबाईंनी वाहावा असे रमाबाईंनी ठरविले होते. देवाची इच्छा निराळी होती. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. त्या घावानंतरही रमाबाईंनी हातातले काम टाकले नाही. भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडले.

मोशे बोलण्यास जड होता तेव्हा देवाने अहरोनाला त्याचे मुख करून दिले. पण निरोप मोशेलाच दिला. अहरोन व हूर यांनी मोशेचे हात धरून ठेवले. पण काठी मोशेपासून घेतली नाही. आम्ही सोबती म्हणून जातो तेव्हा हेच विसरतो. थकलेल्या हाताला आधार द्यावयाचा असतो, त्याचे काम बळकावयाचे नसते. आणि सोबत करणाऱ्यालाही देवाने स्वतःचे पाचारण दिलेले असते, हे मनोरमाबाईंकडे पाहून कळते.

संडेस्कूलच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. आपल्या वर्गात कमी दिसणारे, कमी ऐकणारे, लंगडत येणारे एखादे मूल असेल. नाताळच्या कार्यक्रमात त्याला कोपऱ्यात बसवून खाऊ देऊ नका. त्याला वचन पाठ म्हणावयास उभे करा. जवळ एक सोबती उभा राहू द्या, पण तोंड त्या मुलाचेच असू द्या.

त्या अंध बंधूंबरोबर आम्ही पुन्हा एकदा गेलो. त्या वेळी चहाचे त्यांनाच विचारू दिले. त्यांनी ताक मागितले.