शंभर पौंडांचा जॉनी

मुलांनो, गेल्या सत्रात एका शनिवारी मोठ्या गटाला ‘जर-तर’ची वाक्ये शिकवायची होती. फळ्यावर पहिले वाक्य लिहून होते न होते तोच मागच्या बाकांवर वाद पेटला. कुणा एका नामांकित फुटबॉलपटूची दुसऱ्या क्लबमध्ये जायची बोलणी अगदी शेवटच्या क्षणी फिसकटली होती आणि आता जुन्या क्लबने त्याच्यापुढे नवा करार ठेवला होता. एका पक्षाचे म्हणणे असे, की जो निघून जायला तयार होता त्याला एक पेनीसुद्धा वाढवून देऊ नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, क्लबनेच त्याला अडवून धरले, तेव्हा भरपाईही क्लबनेच द्यावी. वाद मराठीतून चालला होता, म्हणून आम्ही तो थांबवला नाही. ‘जर-तर’ची इतकी शुद्ध वाक्ये पुस्तकातून आमच्या कानावर कधी आली नव्हती!

वाद मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलापर्यंत पोचला. तिथे एका बाबांनी जॉनी हेन्सचे नाव काढले. मुलांनी ते ऐकलेले नव्हते. ऐकणार तरी कसे? तो गेला २००५ साली, म्हणजे तुमच्यापैकी कुणाचाही जन्म होण्याआधी. पण हा वाद त्याच्या आयुष्यात एकदा नव्हे, दोनदा आला, आणि तोही आपल्या ईलिंगपासून फार लांब नाही. ईलिंग ब्रॉडवेहून डिस्ट्रिक्ट लाइनने अर्ल्स कोर्टला जावे, तिथे विंबल्डनची गाडी पकडून पटनी ब्रिजला उतरावे आणि बागेतून नदीच्या कडेकडेने चालत राहावे, की फुलम क्लबचे क्रेव्हन कॉटेज मैदान येते. जॉनीची सारी कारकीर्द त्या नदीकाठी गेली.

जॉनीचा जन्म १७ ऑक्टोबर १९३४ चा, लंडनमधल्या केंटिश टाउनचा. वाढला उत्तरेकडे एडमंटनला. अंगाने किरकोळ, पण पाय दोन्ही सारखेच चालायचे आणि नजर अशी, की चेंडू कुठे जायला हवा हे इतरांच्या आधी त्याला दिसायचे. १९५० साली वेंब्लीवर इंग्लंडच्या शाळकरी मुलांच्या संघाने स्कॉटलंडच्या मुलांवर आठ गोल चढवले. तो सामना टेलिव्हिजनवर दाखवला गेला आणि ज्यांच्या घरी संच होता त्यांनी या मुलाचा खेळ पाहिला. टॉटनहॅमचे मैदान त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आर्सेनलही फार लांब नाही. तरी तो पंधराव्या वर्षी लंडनच्या दुसऱ्या टोकाला, फुलममध्ये दाखल झाला. १९५२ च्या बॉक्सिंग डेला, अठराव्या वर्षी, तो पहिला सामना खेळला. फुलम तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होते. १९५९ साली क्लब वरच्या श्रेणीत आला, त्यात जॉनीचा वाटा मोठा होता.

त्याचे वैशिष्ट्य म्हणजे लांब पास. तीस-चाळीस यार्डांवरून दोन बचावपटूंच्या मधून चेंडू नेमका आपल्या माणसाच्या वाटेवर पडायचा. आपला माणूस तिथे पोचला नसला, तर मात्र जॉनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे असा बघायचा, की साऱ्या मैदानाला कळावे चूक कुणाची आहे. काही प्रेक्षकांना तो त्यामुळे शिष्ट वाटे. आम्हाला विचाराल तर शिष्टपणा थोडा होताच. पण जो स्वतःच्या चुकीवरही तितकाच चिडतो, त्याला आम्ही माफ करतो.

आता पगाराची गोष्ट, कारण खरी मेख तिथे आहे.

इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूला जास्तीत जास्त किती पगार द्यायचा याची मर्यादा १९०१ पासून ठरलेली होती. सुरुवातीला आठवड्याला ४ पौंड. वाढत वाढत १९६१ पर्यंत ती २० पौंडांवर आली होती, आणि उन्हाळ्यात सामने नसत तेव्हा १७. कारखान्यातला कामगार त्या वेळी आठवड्याला पंधरा पौंडांच्या आसपास मिळवत होता. म्हणजे वेंब्लीवर लाखभर लोक ज्याला पाहायला तिकीट काढून येत, त्याचा पगार त्या लोकांपेक्षा थोडासाच जास्त.

याहून वाईट नियम दुसरा होता. समजा, तुमच्या आईचा नोकरीचा करार ३० जूनला संपला. साहेब म्हणाले, आमच्या अटींवर नवा करार करा, नाहीतर घरी बसा, आणि दुसरीकडे जायचे तर आमची परवानगी हवी. परवानगी नसेल तर पगारही नाही आणि दुसरी नोकरीही नाही. आपण याला काय म्हणू? फुटबॉलमध्ये हा रोजचा व्यवहार होता. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच हातात राहायची.

याविरुद्ध खेळाडूंच्या संघटनेने लढा दिला. संघटनेचा अध्यक्ष होता जिमी हिल. तोही फुलमचाच खेळाडू, जॉनीच्या बरोबर खेळणारा. पुढे तो टेलिव्हिजनवर दिसू लागला, त्याची लांब हनुवटी आजी-आजोबांच्या पिढीला नक्की आठवत असेल. संप करायची तयारी झाली, तारीख जवळ आली आणि जानेवारी १९६१ मध्ये पगाराची मर्यादा उठली. दुसरा नियम मात्र तसाच राहिला.

फुलमचे अध्यक्ष होते टॉमी ट्रिंडर, रंगभूमीवरचे प्रसिद्ध विनोदी नट. मर्यादा होती तेव्हा त्यांनी चारचौघांत बोलून टाकले होते, की परवानगी असती तर आपण जॉनीला आठवड्याला शंभर पौंड दिले असते. असे बोलणे तेव्हा फुकट होते. मर्यादा उठल्यावर मात्र शब्द गळ्यात आला. त्याच वर्षी इटलीतल्या मिलानने जॉनीसाठी ८०,००० पौंड देऊ केले. फुलमला जॉनी सोडायचा नव्हता. मिलानचा सौदा झाला नाही आणि जॉनी हेन्स इंग्लंडमधला शंभर पौंड आठवड्याचा पहिला फुटबॉलपटू ठरला. एका दमात पगार पाचपट!

इथे मोठ्या गटातले दोन्ही पक्ष खूष होतील. क्लबने माणूस राखला, माणसाला पैसेही मिळाले. पण त्याच उन्हाळ्यात चेल्सीचा जिमी ग्रीव्ह्ज मिलानला गेला, तो तिथल्या शिस्तीला कंटाळून डिसेंबरमध्ये परत आला आणि टॉटनहॅमने त्याला ९९,९९९ पौंडांना घेतले. (एक पौंड कमी का? लाखाचा पहिला खेळाडू हे ओझे त्याच्या डोक्यावर नको म्हणून.) तेव्हा मिलानला जाऊन जॉनी सुखी झालाच असता असेही नाही.

एक गोष्ट पालकांसाठी. हा पेच आपल्याकडच्या क्रिकेटलाही नवा नाही. विनू मंकड १९५२ साली लँकेशायरमधल्या हॅसलिंग्डन क्लबकडे पगारी खेळाडू होते. भारताचा संघ इंग्लंडला यायचा होता. संघात नक्की घेऊ असा शब्द आपल्या मंडळाने दिला नाही, म्हणून त्यांनी क्लबशी करार कायम ठेवला. लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात आपले चार गडी शून्यावर बाद झाले तेव्हा मंडळाला मंकड आठवले. क्लबकडून त्यांना मागून आणले आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या, शिवाय एका डावात पाच बळी घेतले. सामना आपण हरलो, तरी ती कसोटी लोक मंकडच्या नावाने ओळखतात. करार पाळावा की देशासाठी मोडावा यावर आमच्या घरी वडील आणि काका चाळीस वर्षांनंतरही भांडत.

परत जॉनीकडे येऊ. १९६१ हे त्याचे सोन्याचे वर्ष. एप्रिलमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने वेंब्लीवर स्कॉटलंडला ९-३ असे हरवले. इंग्लंडकडून तो ५६ सामने खेळला, त्यांतले २२ कर्णधार म्हणून. डोक्याला ब्रिलक्रीम लावलेला त्याचा फोटो जाहिरातींत झळकत होता. आणि मग ऑगस्ट १९६२ मध्ये ब्लॅकपूलला मोटारीचा अपघात झाला. पायाची हाडे मोडली, गुडघा दुखावला. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. बऱ्याच महिन्यांनी फुलमसाठी परत उभा राहिला, पण इंग्लंडच्या संघात त्याला पुन्हा बोलावणे आले नाही. १९६६ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला तेव्हा मैदानात फुलमचा जॉर्ज कोहेन होता, जॉनी नव्हता.

दुसरा प्रसंग १९६४ चा. टॉटनहॅमचा जॉन व्हाइट गोल्फच्या मैदानावर वीज पडून गेला. त्याच्या जागी त्यांना जॉनी हवा होता. जॉनी तिशीला आला होता. टॉटनहॅम म्हणजे लहानपणीचा शेजार आणि चषक जिंकणारा संघ. फुलम मात्र दर वर्षी खालच्या श्रेणीत जाण्याच्या भीतीने खेळत होते. त्याच वर्षी त्यांनी ॲलन मलरीला टॉटनहॅमला विकलेही होते. करार संपलेल्या खेळाडूला असे बांधून ठेवणे अन्यायाचे आहे, असा निकाल न्यायालयाने जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात १९६३ साली दिला होता, पण जुनी गाठ पुरती सुटली नव्हती. जॉनीचा हाही सौदा तुटला.

तो राहिला. पगार शंभरावरच राहिला, १९७० मध्ये फुलम सोडेपर्यंत. १९६१ मध्ये तो आकडा ऐकून लोकांचे डोळे विस्फारले होते. काही वर्षांत तेवढे पैसे इतरांनाही मिळू लागले. १९६८ मध्ये फुलम खाली गेले, पुढच्या वर्षी आणखी खाली. ६५८ सामने, १५८ गोल, आणि फुलमकडून मोठा चषक एकही नाही. दोनदा, १९५८ आणि १९६२ मध्ये, एफ ए कपच्या उपांत्य फेरीपर्यंत ते पोचले आणि दोन्ही वेळा पुन्हा खेळवलेल्या सामन्यात हरले. शेवटी जॉनी दक्षिण आफ्रिकेत डर्बन सिटीकडून खेळायला गेला, तिथे त्याला लीग जिंकल्याचे पदक मिळाले. पुढे तो एडिंबरात राहिला. २००५ मध्ये आपल्या एकाहत्तराव्या वाढदिवशी मोटार चालवताना अपघात झाला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

त्याला निष्ठावंत म्हणायची पद्धत आहे. आम्हाला तो शब्द इथे जरा जपून वापरावासा वाटतो. त्याचे फुलमवर प्रेम होते यात शंका नाही, पण दारही बाहेरून लावलेले होते. दार उघडे असते तर तो गेला असता का, हे आता त्याला विचारता येत नाही. आणि गेला असता तर त्याला बेइमान म्हणायला निदान आपण पुढे होऊ नये. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कुणीतरी चांगली संधी आली म्हणून पुणे, नागपूर, दादर सोडून या गावात आलेले आहे. त्या दिवशी चहाच्या टेबलाशी हे बोलणे निघाले, तेव्हा दोन-तीन बाबा एकदम बशीत बघू लागले.

क्रेव्हन कॉटेजच्या स्टीव्हनेज रोडकडच्या जुन्या, विटांच्या स्टँडला आता जॉनी हेन्सचे नाव आहे. तो स्टँड १९०५ सालचा. बाहेर २००८ पासून त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे.

मोठ्या गटातला वाद अजून मिटलेला नाही. जॉनीने १९६४ मध्ये टॉटनहॅमला जायला हवे होते का, यावर प्रत्येकाने दहा ओळी लिहून पुढच्या शनिवारी आणाव्यात. त्यांत ‘जर-तर’ची निदान तीन वाक्ये हवीत. चांगली उत्तरे पुढच्या अंकात छापू, फोटोकॉपीचा कागद पुरला तर.