लोकांना पक्षी दाखवायची नोकरी गेली, मग सलीम अलींना सुगरणीनं काम दिलं

नायगावच्या बीडीडी चाळी मागे टाकून शिवडीकडे निघालं की पुढे जुनी ख्रिश्चन दफनभूमी लागते. सीएसएमटीची इमारत ज्यांनी बांधली ते एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स इथेच चिरनिद्रा घेतायत. पण ही जागा पहिल्यापासून दफनभूमी नव्हती. इथे आधी झाडाफुलांची बाग होती. १८६० च्या दशकात ही जागा दफनभूमीला गेली आणि बाग भायखळ्याला हलली. तीच आपली राणीची बाग.

जुनी झाडं, शांतता आणि हॉर्नचा कमी त्रास. पहिल्यांदाच पक्षी बघायला निघालेल्यांना आणखी काय हवं असतं? फाल्गुन-चैत्रात तर कोकीळ सकाळपासून सुरू होतो, तांबट टुक टुक करत बसतो आणि दयाळ उंच फांदी गाठून गात असतो. फक्त हे कोण ते सांगणारा एक माणूस सोबत लागतो.

हे सांगायचं काम मुंबईत एका माणसानं पगार घेऊन केलंय. त्याचं नाव सलीम अली.

१२ नोव्हेंबर १८९६ ला त्यांचा जन्म झाला. भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना गिरगावजवळच्या खेतवाडीत वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन, त्यामुळे भाच्याच्या हातात छऱ्याची बंदूक आली. एक दिवस त्यानं एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत, म्हणजे बीएनएचएसमध्ये पाठवलं.

तिथे सेक्रेटरी होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. शाळकरी पोराला त्यांनी हाकलून लावलं असतं तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यांनी चिमणी ओळखून दिली, कपाटं उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. त्याच ऑफिसात विल्यम नावाचा एक जिवंत धनेशही पाळलेला होता. अशा ठिकाणी पोरगं रमणार नाही तर काय!

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. कॉलेजात गणितानं छळलं, म्हणून ब्रह्मदेशात घरच्या धंद्यावर गेले. खाण आणि लाकडाच्या त्या धंद्यापेक्षा त्यांचं लक्ष जंगलातच जास्त. १९१७ मध्ये मुंबईत परतले, १९१८ मध्ये तेहमिनाशी लग्न झालं. झूलॉजिकल सर्व्हेची नोकरी युनिव्हर्सिटीची डिग्री नाही म्हणून हुकली.

शेवटी १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड लेक्चररची जागा मिळाली. काम काय, तर येणाऱ्या लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगायची. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन स्ट्रेझमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत येऊन बघतात, तर पैसे नाहीत म्हणून जागाच रद्द! जगातल्या नामवंत पक्षीतज्ज्ञाकडून शिकून आलेला माणूस बेकार.

मुंबईतला खर्च झेपेना, म्हणून नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणीची वसाहत होती आणि सलीम अलींकडे वेळच वेळ होता. तासन् तास बसून त्यांनी जे टिपलं ते भारी होतं. नर अर्धवट घरटं विणतो, माद्या येऊन तपासणी करतात. एखादीला पसंत पडलं की ती मुक्काम करते आणि मगच नर ते पुरं करतो. लगेच दुसरं घरटं सुरू, दुसऱ्या मादीसाठी. नोकरी टिकली असती तर हा अभ्यास कदाचित झालाच नसता.

त्यानंतर हैदराबादपासून वेगवेगळ्या संस्थानांत त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. तेहमिना सोबत असायच्या. १९३९ मध्ये एका ऑपरेशननंतर त्या गेल्या.

दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं. नवख्याला सेंटिमीटर सांगून काही कळत नाही, हे त्यांना नेमकं माहीत होतं. म्हणून पुस्तकात मापं दिली ती ओळखीची: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान. आजही बर्डवॉकला हीच भाषा चालते. दिलेल्या नोकरीपेक्षा या पुस्तकानं कितीतरी जास्त लोकांना पक्षी दाखवले.

एक गोष्ट मात्र लपवायला नको. अभ्यासाचे नमुने गोळा करायला सलीम अलींनी आयुष्यभर पक्षी मारलेसुद्धा. त्या काळात पक्षीशास्त्र चालायचंच तसं. आणि याच माणसानं भरतपूरचं पाणथळ आणि केरळचं सायलेंट व्हॅली वाचवायला जोर लावला.

डिलन रिप्ली यांच्यासोबतचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ मध्ये पूर्ण झाला. १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा. १९८७ मध्ये नव्वदीत, मुंबईतच ते गेले.

बीएनएचएस आता त्या जुन्या म्युझियमशेजारीच आहे. इमारतीचं नाव हॉर्नबिल हाऊस, आणि लोगोवर धनेश. मिलार्डच्या ऑफिसातला तोच विल्यम.