विश्लेषण : डोरेमॉन हसवतो म्हणून आवडतो की रडवतो म्हणून?

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. नोबिता मनोरुग्ण होता, डोरेमॉन हा त्याचा निव्वळ भास होता आणि मालिकेचा शेवट फार करुण आहे, असे त्यात लिहिलेले असते. खाली रडक्या इमोजींची रांग. हा शेवट खोटा आहे. डोरेमॉनचे जनक हिरोशी फुजिमोतो ऊर्फ फुजिको एफ. फुजिओ यांनी तो कधीच लिहिला नाही. पण विनोदी मालिकेत रडवणारा भाग किती आणि कसा असावा, हा प्रश्न त्यांच्यासमोरही होता. त्याचे उत्तर त्यांनी १९७४ मध्ये, मार्च आणि एप्रिलच्या दोन अंकांत देऊन ठेवले आहे.

कोण होते फुजिमोतो?

त्यांचा जन्म १ डिसेंबर १९३३ रोजी जपानमधील तोयामा प्रांतातल्या ताकाओका येथे झाला. खेळात मागे, चित्रांत रमणारा मुलगा. नोबितामध्ये आपले बालपण उतरले आहे, हे ते पुढे मोकळेपणाने सांगत. प्राथमिक शाळेत मोतोओ अबिको हा मुलगा नव्याने वर्गात आला आणि दोघांची जोडी जमली. ओसामू तेझुका यांच्या चित्रकथांनी दोघांना वेड लावले. १९५१ मध्ये, शिकत असतानाच, त्यांची पहिली चित्रमालिका मुलांच्या वर्तमानपत्रात छापून आली.

शिक्षण संपल्यावर फुजिमोतो मिठाईच्या कारखान्यात लागले आणि काही दिवसांतच नोकरी सोडून घरी आले. (इंजिनीअरिंग करून बातम्या लिहिणाऱ्याला हे वाचून बरे वाटते.) १९५४ मध्ये दोघे मित्र टोकियोला गेले. तोकिवा-सो या इमारतीत तेझुका यांनी सोडलेली खोली त्यांना मिळाली. ‘फुजिको फुजिओ’ हे दोघांचे मिळून एकच टोपणनाव होते. १९५५ च्या नववर्षाला ते गावी गेले, तिथे सुस्तावले आणि जवळपास सगळ्या मासिकांच्या डेडलाइन चुकवून बसले. पुढे बरेच महिने संपादकांनी त्यांना फारसे काम दिले नाही. नोबिताचा सुट्टीतला गृहपाठ कुठून आला, हे वेगळे सांगायला नको.

डोरेमॉन विनोदीच का होता?

याचे कारण मासिकांच्या रचनेत आहे. १९६९ च्या डिसेंबरमध्ये शोगाकुकान प्रकाशनाच्या सहा बालमासिकांत डोरेमॉन एकाच वेळी सुरू झाला. ही मासिके वयोगट आणि इयत्तेनुसार निघत. जपानमध्ये शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणजे दरवर्षी वाचक पुढच्या मासिकाकडे जाणार आणि जागी नवी मुले येणार. त्यामुळे गोष्ट मोजक्या पानांची आणि स्वतंत्र असावी लागे. नोबिता रडत येतो, डोरेमॉन पोतडीतून गॅजेट काढतो, नोबिता त्याचा भलताच वापर करतो आणि फजिती होते. हा साचा शेकडो वेळा चालला.

मग मधूनच एखादी वेगळी गोष्ट येई. १९७० मधली आजीची गोष्ट घ्या. नोबिता टाइम मशीनने आपल्या दिवंगत आजीला भेटायला जातो. हा मोठा मुलगा आपलाच नातू आहे, यावर ती जराही शंका न घेता विश्वास ठेवते. दप्तर पाठीला लावलेला नातू पाहायची तिची इच्छा तो पूर्ण करतो. मग आजीला नातसून पाहावीशी वाटते. इथे गोष्ट रडवून थांबू शकली असती. फुजिमोतो मात्र नोबिताला थेट शिझुकाकडे पळवतात, आत्ताच्या आत्ता लग्न कर म्हणून.

१९७४ मध्ये काय घडले?

१९७३ मध्ये आलेली पहिली टीव्ही मालिका सहा महिन्यांत बंद पडली होती. मार्च १९७४ च्या तिसरीच्या मासिकात डोरेमॉनच्या निरोपाची गोष्ट आली. त्याला भविष्यात परत जावे लागणार असते. आपल्यावाचून नोबिताचे अडत नाही, हे त्याला दिसावे म्हणून नोबिता रात्री एकटा जियानशी भिडतो, मार खातो, पण मागे हटत नाही. सकाळी खोली रिकामी असते. यात एक बारकावा अनेकांच्या लक्षात राहत नाही. जियान त्या रात्री रस्त्यावर आलेला असतो तो झोपेत चालत, आणि ते नोबिताने पाहिले म्हणून तो चिडतो. सर्वांत दुःखी गोष्टीची मारामारी अशी एका विनोदातून सुरू होते.

पुढच्या महिन्यात, चौथीच्या मासिकात, एप्रिल फूलचा दिवस उजाडतो. डोरेमॉन परत आल्याची थाप जियान मारतो आणि नोबिता आनंदाने डोरायाकी, म्हणजे आपला हिंदी डबिंगमधला डोरा केक, आणायला धावतो. फसवणूक कळल्यावर तो डोरेमॉनने मागे ठेवलेले गॅजेट उघडतो. ते प्यायले की बोललेले सगळे उलटे होते. आधी तो त्याने जियान आणि सुनियोचा सूड घेतो. मग घरी येऊन खिन्नपणे म्हणतो की डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. खोलीत डोरेमॉन उभा असतो. गॅजेटचा असर अजून उतरलेला नसतो, त्यामुळे नोबिताला आपला आनंदही उलटाच बोलावा लागतो.

माझ्या मते डोरेमॉनचे खरे कसब इथे आहे. वाचकाला रडवायला फुजिमोतोंनी वेगळे साधन आणले नाही, नेहमीचे हसवणारे गॅजेटच वापरले. त्याआधीच्या शेकडो फजित्या वाचल्या नसतील, तर ती रिकामी खोली फक्त रिकामी खोली वाटते.

हे सूत्र पुढे टिकले का?

बऱ्याच अंशी. १९७९ मध्ये टीव्ही असाहीवर नवी मालिका आली आणि ती प्रचंड चालली. छोटे विनोदी भाग टीव्हीवर, साहस आणि अश्रू वर्षातून एकदा चित्रपटात, अशी वाटणी १९८० पासून रूढ झाली. आपल्याकडे २००५ पासून हंगामा टीव्हीवर हिंदी डोरेमॉन पाहिलेल्या पिढीलाही ती ओळखीची आहे. २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’मध्ये मात्र निवडक भावुक गोष्टीच एकामागून एक जोडल्या गेल्या. चित्रपट जपानमध्ये गाजला, मलाही रडू आले. पण तिसऱ्यांदा डोळे पुसताना थोडी शंका आली. २०२० च्या दुसऱ्या भागात तर आजीला नातसून दाखवण्याची इच्छा, जी फुजिमोतोंनी एका विनोदात संपवली होती, तीच मुख्य कथा झाली.

मग खरा शेवट कोणता?

१९८७ मध्ये अबिको आणि फुजिमोतो यांनी कामापुरते मार्ग वेगळे केले. अबिको काळ्या विनोदाकडे वळले, डोरेमॉन फुजिमोतोंकडे राहिला. प्रकृती ढासळत असतानाही ते दरवर्षीच्या चित्रपटासाठी मोठी कथा काढत राहिले. सप्टेंबर १९९६ मध्ये घरच्यांना ते टेबलापाशी बेशुद्ध आढळले, हातात पेन्सिल होती. २३ सप्टेंबरला, वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. टेबलावर अर्धवट राहिलेली कथा किल्लीवर चालणाऱ्या खेळण्यांच्या शहराची होती. ती सहायकांनी पूर्ण केली आणि १९९७ मध्ये तिचा चित्रपट आला. डोरेमॉनचा शेवटचा भाग मात्र त्यांनी काढलेलाच नाही.