शिक्षक घडवणाऱ्या ताराबाई

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद म्हणजे विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतीय स्त्रीला सहसा न लाभणारा मान. ताराबाई मोडक यांना तो लाभला आणि १९२३ मध्ये त्यांनी तो सोडूनही दिला. प्राचार्यपद सोडून त्या गेल्या भावनगरच्या एका बालमंदिरात, अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये. शिक्षिका घडवणाऱ्या संस्थेची प्रमुख स्वतःच पुन्हा शिकायला निघावी, हे लौकिक व्यवहारात बसणारे नव्हते. पण ताराबाईंच्या आयुष्यात लौकिक व्यवहारात बसणारे फारसे काही नव्हतेच.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत केसकरांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाला घरातून अडथळा नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील कृ. वि. मोडक यांच्याशी झालेला विवाह टिकला नाही आणि १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी आणि भोवती घटस्फोटितेकडे संशयानेच पाहणारा समाज, अशा अवस्थेत राजकोटची नोकरी हा मोठा आधार होता. ती सोडण्यामागचे धाडस त्यावरून ध्यानात यावे.

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाईंनी माँटेसरी पद्धतीचा ध्यास घेतला होता. मारणे नाही, धाक नाही, बक्षिसाचे आमिषही नाही, हा तेथला रिवाज. छडी हे शिक्षणाचे रास्त साधन मानले जाण्याचा तो काळ. मुले नुसती खेळतात, अक्षरे केव्हा गिरवणार, धाकावाचून शिस्त कशी लागणार, ही पालकांची शंका त्या काळाला धरूनच होती. तिला व्याख्यानांनी उत्तर मिळण्यासारखे नव्हते. ते बालमंदिरातल्या मुलांच्या वागण्यातूनच मिळायचे होते. आणि ते मिळायचे तर वर्गात उभी असलेली व्यक्ती निराळी हवी. हट्टी मुलाला गप्प बसवणे सोपे असते. त्याचा हट्ट कशातून आला हे शोधायला निरीक्षण लागते, संयम लागतो आणि मुख्य म्हणजे स्वतःचा राग ओळखता यावा लागतो. हे गुण सर्वांच्याच अंगी उपजत नसतात, ते शिकवावे लागतात. पुढे ताराबाईंनी बालशाळांच्या जोडीने अध्यापन मंदिरे उभारली, त्याचे मूळ येथे आहे.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि गिजुभाईंबरोबर ताराबाईंनी त्याची धुरा वाहिली. शिक्षणपत्रिकेच्या कामातही त्या होत्या; नंतर त्यांनी ती मराठीत आणली. १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाले. बालशाळेतच प्रशिक्षणार्थी शिक्षिका मुलांना पाहत, त्यांच्याशी वागायला शिकत. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आपल्या शाळांत ‘हॅपिनेस’ची स्वतंत्र तासिका सुरू केली, तेव्हा भावना वेळापत्रकात बसवता येतात का, यावर बरीच चर्चा झाली. शिशुविहारात त्यासाठी निराळा तास नव्हता. डबा खाणे, हात धुणे, रांगेत थांबणे, खेळणे दुसऱ्याला देणे, यातच ते शिक्षण होते. अर्थात ते ओळखणारी शिक्षिका जवळ असेल तरच.

शिक्षिकेला तयार कोणी करावे, हा वादही तेव्हा होता. १९३९ मध्ये मारिया माँटेसरी भारतात आल्या. आपल्या पद्धतीचे प्रशिक्षण आपल्याच देखरेखीखाली व्हावे, असा त्यांचा कटाक्ष होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. नाव घेऊन पद्धत पातळ करणारे पुष्कळ असतात. परंतु गिजुभाई-ताराबाईंनी त्या पद्धतीत गोष्टी आणल्या, लोकगीते, नाटुकली आणि इथले खेळ आणले. लहान मुलांना परीकथा सांगणे माँटेसरींना फारसे पसंत नव्हते. इकडे तर गोष्ट हाच बालमंदिराचा प्राण. शुद्धतेपेक्षा मुलांच्या घरची भाषा ताराबाईंना मोलाची वाटली, आणि आज मागे वळून पाहता तो निर्णय योग्यच ठरला असे म्हणावे लागते.

त्याची खरी कसोटी मात्र दादरला नव्हे, खेड्यात लागली. माँटेसरीची लाकडी साधने महाग. ती शहरी मध्यमवर्गाला परवडत. १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. याच सुमारास अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवणाऱ्या अनुताई पुढे आयुष्यभर या कामात राहिल्या. बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, माती हीच तेथली साधने झाली.

१९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती, कारण कोणी गुरे राखत होते, तर कोणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घर सांभाळत होते. शाळेत न येणाऱ्या मुलाला आळशी ठरवणे सरकारी दप्तराला सोयीचे असते. ताराबाईंनी उलट शाळाच हलवली. पाड्यातल्या अंगणात अंगणवाडी भरू लागली; तेथे धड्याआधी मुलांना आंघोळ घातली जाई, केस विंचरले जात. गुराख्यांसाठी गायरानातच कुरणशाळा निघाली. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. धाकटे भावंड पाळण्यात सुरक्षित आहे, हे दिसल्यावर थोरल्या बहिणीला पाटीकडे लक्ष देता येई. तिच्या मनावरचा भार उतरवण्याचा याहून साधा उपाय शोधूनही सापडणार नाही.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कोसबाडचे काम १९९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालवले.

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर अंगण गेले, पोषण आहार गेला, लसीकरणाची नोंदवही गेली. प्रशिक्षणाचा भाग मात्र त्या मानाने मागे राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. बालशिक्षणासाठी स्वतंत्र प्रशिक्षण हवे, हे ताराबाईंनी दादरला प्रत्यक्ष दाखवले त्याला तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षे झाली होती. अंगणवाडीतल्या या बाईंना सरकारी कागदावर अजूनही शिक्षिका म्हटले जात नाही. त्या सेविका आहेत, आणि त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन.