पदवीला तीस वर्षे : कॉर्नेलिया सोराबजी

मुलांनो, वर्गातल्या काही मुलींना मोठेपणी वकील व्हायचे आहे असे कळले. त्यांच्यासाठी ही आपल्या नाशिकला जन्मलेल्या मुलीची हकिकत.

कॉर्नेलियाचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील पारशी, पण ख्रिस्ती झालेले. आई पुण्यात शाळा चालवत असे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांबरोबर शिकून कॉर्नेलिया पहिल्या वर्गात पास झाली. या निकालावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. मिळाली नाही, कारण ती मुलगी!

मग तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवण्याची नोकरी धरली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी काढली (त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या) आणि १८८९ साली ती ऑक्सफर्डला सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाली. १८९२ मध्ये तिला कायद्याच्या बी. सी. एल. परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. ती पास झाली, पण पदवी नाही. ऑक्सफर्ड १९२० पर्यंत स्त्रियांना पदवी देतच नसे.

भारतात परतल्यावर कॉर्नेलियाबाईंनी मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. आणि अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. पण परीक्षा वेगळी आणि सनद वेगळी. सनद म्हणजे कोर्टात उभे राहण्याचा परवाना. तो काही मिळेना.

बाई हात जोडून बसल्या नाहीत. त्या काळी पडद्यातल्या स्त्रिया परपुरुषाशी बोलत नसत, मग वकिलाला गाऱ्हाणे सांगणार कसे? त्यांच्या इस्टेटी कारभारी गिळत. १९०४ पासून बाईंनी बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या नोकरीत अशा शेकडो स्त्रिया-मुलांना सल्ला दिला. मला विचाराल तर त्यांचे खरे काम हेच.

इंग्लंडमध्ये १९१९ साली कायदा बदलला. १९२२ मध्ये पदवी हाती आली. लंडनच्या लिंकन्स इनमधून त्या बॅरिस्टर झाल्या. (त्या काळी बॅरिस्टर व्हायला तिथे ठराविक वेळा जेवावेही लागे, बरं का!) १९२३ मध्ये भारतातही कायदा झाला आणि १९२४ साली कलकत्ता हायकोर्टात त्यांचे नाव नोंदले गेले. वय सत्तावन्न.

राजकारणात मात्र त्या इंग्रजांच्या बाजूच्या. गांधीजींची चळवळ त्यांना मान्य नव्हती. म्हणून की काय, आपल्या पुस्तकांत त्या फारशा भेटत नाहीत. ६ जुलै १९५४ रोजी त्या लंडनमध्ये वारल्या. लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला.