अकबर बादशहाची संग्राम

अकबर बादशहा म्हटलं की आपल्या घरांत बिरबलाच्या गोष्टी निघतात, नाहीतर सिनेमा. शाळेच्या पुस्तकात मनसबदारी आणि दीन-ए-इलाही, तेही परीक्षेपुरतं. दीन-ए-इलाहीवरून आपल्या लोकांत आजही वाद होतात, त्यात आम्ही आज पडत नाही. या बादशहाला बंदुकांचा जबरदस्त नाद होता, आणि त्या नादातून त्याचं आयुष्य फार चांगलं दिसतं, म्हणून आज तेवढंच लिहितो.

त्याच्याकडे हजारो बंदुका होत्या. त्यातल्या एकशे पाच खासा, म्हणजे बादशहाच्या स्वतःच्या हातातल्या. त्या एकशे पाचांत पहिल्या नंबरवर जी होती तिचं नाव संग्राम.

बंदूक म्हणजे त्या काळी ठासणीची बंदूक. आजऱ्याकडे, चंदगडकडे, खाली कोकणात काही जुन्या घरांत अशी बंदूक रानडुकरांपासून शेत राखायला परवान्यानं ठेवलेली असायची, त्यामुळे वडीलधाऱ्यांना वेगळं सांगायला नको. पण कोल्हापुरात नव्या राजवाड्याच्या म्युझियममध्ये मुलांना नेलं की जुनी हत्यारं बघून ती हमखास विचारतात, सर, यात गोळी कुठून घालायची? तर तोंडातून. आधी दारू ओतायची, मग गोळी सोडायची, गजानं ठासून बसवायची, नळीच्या बुडाशी कानावर थोडी रंजक ठेवायची आणि पेटता तोडा तिला लावायचा. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेवढ्या वेळात हरीण पळून जातं आणि वाघ अंगावर येतो. शिवाय दारू जास्त झाली किंवा नळीचा सांधा कच्चा निघाला, तर बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटायची. असली वस्तू बादशहा रोज हातात घेत होता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

अकबराचा जन्म १५ ऑक्टोबर १५४२ चा, सिंधमधल्या उमरकोटचा. बाप हुमायून तेव्हा राज्य गमावून वणवण फिरत होता. पोराचं लहानपण काबूलकडे गेलं. उस्ताद आले, उस्ताद बदलले, पण पोरगं कबुतरं, घोडे, कुत्रे आणि उंट यांच्यातच रमायचं. अक्षरओळख अशी झालीच नाही. पुढे त्याच्या कुतुबखान्यात हजारो किताबं होती आणि तो ती रोज दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. ऐकलेलं विसरायचा नाही. आमच्या पेशाच्या माणसाला हे जरा टोचतं, पण खरं आहे. १५५६ च्या जानेवारीत हुमायून जिन्यावरून पडून वारला आणि १४ फेब्रुवारीला पंजाबात कलानौरला तेरा वर्षांच्या अकबराला तख्तावर बसवलं. सुरुवातीला कारभार बैरामखानाचा होता. १५६० नंतर तो हळूहळू अकबराच्या हाती आला.

वाचता न येणाऱ्या या माणसाचे हात मात्र गप्प बसत नसत. १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला आलेल्या मोन्सेराते नावाच्या ख्रिस्ती पाद्र्यानं लिहून ठेवलंय की राजवाड्याजवळच चित्रकार, सोनार, विणकर आणि हत्यारं बनवणारे यांचे कारखाने होते आणि बादशहा तिथे जाऊन बसायचा, कधी कधी स्वतःही काम करायचा. तख्तावरचा माणूस लोहाराच्या भट्टीजवळ बसतो, हे त्या पाद्र्याला नवलाचं वाटलं.

बंदूक कशी बनायची ते अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत अगदी बारकाईनं लिहिलंय. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांनी तर हे वाचायलाच हवं. आधीची रीत अशी होती की लोखंडाची पट्टी ठोकून चपटी करायची, वाकवायची आणि दोन्ही कडा एकमेकींना भिडवून जोडायच्या. असली नळी दारूनं पाव भरली तरी फुटायची भीती. नव्या रीतीत पट्टी तिरकी गुंडाळायची, कागदाची सुरळी करतो तशी, आणि कडेला कड न लावता एका वेढ्यावर दुसरा वेढा चढवायचा. मग हळूहळू तापवून सगळं एकजीव करायचं. दुसरी एक रीत म्हणजे लोखंडाचे भरीव तुकडे तापवून त्यांना सळईनं आरपार भोक पाडायचं आणि असे तीन-चार तुकडे जोडून एक नळी करायची. या नळ्या तोंडापर्यंत दारू भरली तरी फुटत नसत, असं अबुल फजल सांगतो. लांब बंदूक दोन गजांची. आखूड सव्वा गजाची, तिचं नाव दमानक.

अबुल फजल दरबारी माणूस, त्यामुळे प्रत्येक सुधारणेचं श्रेय तो बादशहाला देऊन टाकतो. आमचं मत विचाराल तर यातलं बरंचसं त्या भट्टीवरच्या उस्तादांचं असणार. सुदैवानं त्यानं दोन नावं तरी लिहून ठेवली आहेत, उस्ताद कबीर आणि हुसैन.

खरी गंमत पुढे आहे. नळी तयार झाली की तिच्यावर लोखंडाचं वजन आणि लांबी कोरायची आणि ती बादशहाकडे पाठवायची. गोळी किती वजनाची ते तिथे ठरायचं. लांब बंदुकीला जास्तीत जास्त पंचवीस टांक, म्हणजे ढोबळमानानं शंभर ग्रॅम. एवढ्या गोळीचा बार बादशहाशिवाय कुणी काढायला धजत नसे म्हणे. मग नळीचं बूड बंद करायचं, ती एखाद्या जुन्या दस्त्यावर बसवायची, एक तृतीयांश दारूनं भरायची आणि बार काढायचा. कुठून काही झिरपलं नाही तर नळी पास. गोळी वाकडी गेली तर नळी पुन्हा तापवून, आत गज घालून सरळ करायची. दस्त्याचं लाकूड आणि घाट त्यानंतर ठरायचा. एवढं झालं की बंदुकीला म्हणायचे सादा. ती पाच गोळ्यांसह बादशहाकडे जायची. तो चार झाडून बघायचा आणि पाचवी गोळी बंदुकीसोबत परत पाठवायचा. आता कुठे रंगाचा हुकूम निघायचा. दस्त्यासाठी नऊ रंग होते, त्यातला एक. सोन्याचं, मिन्याचं काम किती करायचं तेही तेव्हाच ठरायचं. आता ती रंगीन. पुन्हा पाच गोळ्या, पुन्हा चार बार. अशा दहा रंगीन बंदुका जमल्या की मग त्यांच्या तोंडावर आणि दस्त्याच्या टोकाला सोन्याची कोफ्तकारी चढायची. आणि त्यानंतरही एकदा चाचणी!

म्हणजे सोनं सगळ्यात शेवटी. नाहीतर आपल्याकडे लग्नाचा मांडव आधी सजतो आणि जेवणाच्या हिशोबाला कुणी बसलेलं नसतं.

प्रत्येक बंदुकीवर कोरलेलं असायचं: कच्च्या आणि तयार लोखंडाचं वजन, लोखंड कुठलं, बंदूक कुठे बनली, तारीख, नंबर आणि कारागिराचं नाव. ताजमहालाच्या भिंतीवर राबलेल्या हातांची नावं सहज सापडत नाहीत. इथे शिकारीच्या बंदुकीवर लोहाराचं नाव कोरायचा नियमच होता.

नळ्या साफ करणं हे मोठं कष्टाचं काम होतं. धडधाकट माणूस लोखंडी हत्यारं घेऊन कितीतरी वेळ एकच नळी घासत बसायचा. त्यासाठी एक चाक तयार केलं गेलं. ते गाय फिरवायची आणि थोड्या वेळात सोळा नळ्या एकदम साफ व्हायच्या. आपल्या गुऱ्हाळातला बैलाचा चरक ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच कळेल.

त्या एकशे पाच खासा बंदुकांची पाळी लावलेली होती. बारा महिन्यांच्या बारा, आठवड्यांच्या तीस, दिवसांच्या बत्तीस आणि वर एकतीस राखीव. कोणत्या बंदुकीनं किती जनावर पडलं याची नोंद कारकून ठेवायचे. संग्राम फरवर्दीन महिन्याची, म्हणजे इलाही सनाच्या पहिल्या महिन्याची. आईन लिहिलं गेलं तोपर्यंत तिच्या नावावर एक हजार एकोणीस जनावरं चढली होती.

पण संग्रामनं फक्त जनावरं मारली नाहीत.

१५६७ च्या ऑक्टोबरात अकबरानं चित्तोडला वेढा घातला. किल्ल्यातून अचूक गोळीबार चालू होता. एका गोळीनं बादशहाच्या जवळचा जलालखान जखमी झाला, तेव्हा अकबरानं त्या नेमबाजाच्या बंदुकीचा अंदाज घेऊन बार काढला. तो माणूस ठार झाला. नंतर कळलं की तो किल्ल्यातल्या बंदूकवाल्यांचा प्रमुख होता आणि त्याचं नाव इस्माईल. चित्तोडच्या राण्याच्या बाजूनं लढणारा इस्माईल आणि अकबराच्या छावणीत राजा भगवंतदास! ज्यांना त्या लढाईत आजचे दोन गट शोधायचेत त्यांची इथेच पंचाईत होते.

पुढे १५६८ च्या फेब्रुवारीत, एका रात्री, फुटलेल्या तटावर हजारमेखी चिलखत घातलेला एक सरदार उभा राहून काम करवून घेताना दिसला. अकबरानं संग्राम उचलली. बार काढल्यावर तो भगवंतदासाला म्हणाला की शिकारीत गोळी लागली की हाताला जसं कळतं तसंच आत्ता कळलं. तो सरदार जयमल, किल्ल्याचा आधार. थोड्याच वेळात किल्ल्यात जोहराच्या ज्वाळा दिसल्या. दुसऱ्या दिवशी सैन्य आत शिरलं आणि कत्तलीचा हुकूम झाला. किल्ल्यात आसरा घेतलेले शेतकरीही त्यात गेले. तीस हजार हा आकडा कुण्या दुश्मनानं नव्हे, अबुल फजलनंच लिहिलाय. हे लपवून अकबराचं कौतुक करणं आम्हाला पटत नाही. काल्पीचे हजारभर बंदूकवाले मात्र निसटले. त्यांनी आपल्याच बायकापोरांचे हात बांधले आणि कैदी नेत असल्यासारखे बादशाही सैन्यामधून चालत बाहेर पडले. ज्यांच्यावर बादशहाचा सगळ्यात जास्त राग होता, तेच वाचले. नंतर अकबरानं जयमल आणि पत्ता यांचे हत्तीवर बसलेले पुतळे आग्र्याच्या किल्ल्याच्या दारात उभे केले.

शिकार तशीच चालू राहिली. मोठी शिकार म्हणजे कमरगा. हजारो माणसांचं कडं करायचं, दिवसेंदिवस जनावरं आत रेटत आणायची आणि शेवटी बादशहानं रिंगणात उतरायचं. १५६७ मध्ये लाहोरजवळ झालेल्या कमरग्यात अकबर पाच दिवस शिकार खेळला होता. १५७८ मध्ये झेलमकाठी भेऱ्याजवळ पुन्हा असंच कडं पडलं. जनावरं कोंडली गेली, सगळे हुकमाची वाट बघत होते. आणि अकबरानं अचानक सगळं थांबवलं. कुणी एका पाखरालाही हात लावायचा नाही, कडं मोडा, जाऊ द्या. त्या जागी फकिरांना आणि गरिबांना पुष्कळ सोनं वाटलं, बाग आणि इमारत बांधायचा हुकूम दिला, स्वतःचे लांब केस कापले. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता. दरबारात नाना तर्क झाले. त्याच्यावर कडक टीका करणाऱ्या बदायुनीनंही हा प्रसंग नोंदवलाय, म्हणून तो नुसता दरबारी बनाव वाटत नाही.

बंदूक मात्र त्यानं सोडली नाही. पण पुढच्या वर्षांत मांस न खायचे दिवस वाढत गेले, आणि ठरावीक दिवशी जनावर मारायला मनाई झाली.

शेवटच्या काळात तो आपल्या मुलखाच्या दारापर्यंत आला होता. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली आणि अहमदनगर मुघलांकडे गेलं. अकबर स्वतः बुऱ्हाणपूरला होता आणि खानदेशच्या फारुकींचा असीरगड त्याच्यापुढे. एवढ्या बंदुका, एवढ्या तोफा, पण असीरगड काही त्यांनी फुटला नाही. लांबलेला वेढा आणि आतली रोगराई यांनी तो १६०१ च्या जानेवारीत पडला. ऑक्टोबर १६०५ मध्ये अकबर आग्र्याला वारला. कबर सिकंदऱ्याला आहे.

मोजदादीची सवय मुलात उतरली. जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहिताना संग्रामच्या नावावर तीन-चार हजार पशुपक्षी जमा करून टाकले, आणि स्वतःचाही हिशोब मांडला: सतरा हजार एकशे सदुसष्ट. पुढे नातू शुजा आजारी पडला तेव्हा पोर वाचलं तर बंदुकीनं शिकार करणार नाही असा त्यानं नवस केला. शुजा बरा झाला. काही वर्षं जहांगीरनं शब्द पाळला. मग शाहजहाननं बापाविरुद्ध बंड केलं, आणि त्या त्रासात म्हाताऱ्यानं पुन्हा बंदूक हातात घेतली.